मैफिलींच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात साठेक कॅसेट आहेत. बहुतेक सी-९०, काही सी-६०, दोन-चार सी-१२० (आकडा म्हणजे दोन्ही बाजू मिळून मिनिटं). १९७८ ते १९९१ या काळात गणेशोत्सवातलं, देवळातलं आणि घरगुती बैठकांतलं गाणं साध्या मोनो टेपरेकॉर्डरवर घेतलेलं, कधी विजेवर, कधी सेलवर. आज ऐकताना आवाज दबका येतो, काही कॅसेटमध्ये सूर हळूहळू चढत जातो आणि खरखर भरपूर आहे. वॉकमनसारखा दिसणारा यूएसबी कन्व्हर्टर घेऊन काम भागेल का, आणि खरखर कुठल्या सॉफ्टवेअरने काढावी?

कन्व्हर्टर घेऊ नका, आणि खरखरीचा विचार सगळ्यात शेवटी करा. कॅसेटमधून चांगलं जे काही निघायचं ते ती वाजत असतानाच निघतं. फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडचा कोन, फितीचा वेग आणि यंत्राची स्वच्छता या तीन गोष्टी जमल्या की निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच मिटतात. त्या चुकल्या तर पुढे कुठलंही सॉफ्टवेअर हरवलेला आवाज परत आणू शकत नाही.

त्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये फ्लायव्हील, म्हणजे वेग स्थिर ठेवणारं चाक, अगदी हलकं असतं, त्यामुळे वेग सतत थरथरतो. सिनेमाच्या गाण्यात ते चटकन लक्षात येत नाही, पण तंबोरा आणि पेटीचा लांब सूर लगेच कापरा लागतो. शिवाय हेडचा कोन बदलायची धड सोय नसते. त्याऐवजी १९८५ ते १९९५ च्या सुमाराचा, एकाच कॅसेटचा, ऑटो-रिव्हर्स नसलेला डेक शोधा. सोनी, टेक्निक्स, यामाहा, टीॲक, डेनॉन यांपैकी कुठलाही चालेल. ऑटो-रिव्हर्स, म्हणजे कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणाऱ्या डेकमध्ये हेड फिरतं आणि कोन दर वेळी थोडा वेगळा बसतो, म्हणून तो नको. तीन हेड असलाच पाहिजे असंही नाही, आपल्याला फक्त वाजवायचं आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा चोर बाजारात असे डेक अजून मिळतात. मात्र घेतल्याबरोबर त्याचे बेल्ट बदलून घ्या. तीस-पस्तीस वर्षांत रबर सैल पडतं किंवा डांबरासारखं चिकट होऊन पुलीला लागतं, आणि वेगाच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

हेड आणि कॅपस्टन, म्हणजे फीत ओढणारा तो बारीक स्टीलचा दांडा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, त्यातलं ॲसिटोन प्लॅस्टिक खातं. फीत कॅपस्टनवर दाबणारा पिंच रोलर रबराचा असतो, त्याला भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेलं पाणी पुरतं. पुसून तो पूर्ण कोरडा होऊ द्या. तपकिरी भुकटी सोडणारी फीत असेल तर दर बाजूनंतर पुसायचं, एरवी पाच-सहा कॅसेटनंतर. हेड डीमॅग्नेटाइझ करताना, म्हणजे त्याला लागलेलं चुंबकत्व काढताना, डेक बंद ठेवा आणि कॅसेट दुसऱ्या खोलीत. डीमॅग्नेटायझरची कांडी हातभर लांब चालू करायची, हळू जवळ न्यायची, हळूच लांब आणायची आणि मगच बंद करायची. हेडजवळ असताना बंद केली तर हेड उलट जास्त चुंबकीय होतं.

आता कॅसेट. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेवरच्या दोन्ही चिमुकल्या पट्ट्या आधी मोडून टाका. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर मैफिलीची तेवढी मिनिटं कायमची गेली. मग उजेडात धरून तीन गोष्टी पाहा: मधोमध तांब्यासारख्या पत्तीवर फेल्टची गादी जागेवर आहे का, फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी आहे का, आणि कॅसेट स्क्रूची आहे की चिकटवलेली. गादी निघाली असेल तर फीत हेडवर दाबली जात नाही, आवाज येतो-जातो आणि वरचे स्वर नाहीसे होतात. पुष्कळदा लोक याला ‘कॅसेट खराब झाली’ म्हणतात, पण फीत ठणठणीत असते. पाच स्क्रूंची एखादी टाकाऊ चांगली कॅसेट उघडा, आतली फीत काढा आणि आपली दोन्ही चाकं फितीसकट त्या खोक्यात बसवा. दोन्ही बाजूंचे पातळ गुळगुळीत कागद आणि कोपऱ्यातले रोलर विसरू नका आणि फितीला पीळ बसू देऊ नका. चिकटवलेली कॅसेट असेल तर सांध्यावरून धारदार पातं हळूहळू फिरवून उघडते. वाजताना किंचाळणारी फीतही बहुतेक वेळा खोकं बदललं की गप्प होते. रीळ-टेपसाठी सांगितलेला भट्टीत तापवण्याचा उपाय कॅसेटवर करू नका, खोकं वाकडं होतं.

फीत तुटली असेल तर सेलोटेप कधीही लावू नका. त्याचा गोंद काही महिन्यांत कडेने पसरतो, शेजारच्या वेढ्यांना चिकटतो आणि शेवटी हेडवर येतो. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते. त्याच मापाची स्प्लाइसिंग टेप मिळते, ती आतल्या बाजूने, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूने लावायची.

कोकणात आणि गोव्यात पावसाळे काढलेल्या कॅसेटवर बुरशी ठरलेलीच. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घातली तर बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवा. नंतर तोंडाला मास्क लावून, मोकळ्या हवेत, एखाद्या टाकाऊ डेकवर मऊ कोरड्या कापडाच्या चिमटीतून फीत एकदा पुढे, एकदा मागे न्या. ओलं कापड नको. हे उन्हाळ्यात करावं, जुलैत नाही.

सी-१२० ची फीत जेमतेम ९ मायक्रॉन जाड असते, सी-९० ची १२ च्या आसपास. सी-१२० जोरात फॉरवर्ड-रिवाइंड करू नका, ताणली जाते. बाकीच्या कॅसेट मात्र वाजवण्याआधी एकदा टोकापर्यंत नेऊन परत आणा. वर्षानुवर्षं एकाच गुंडाळीत पडून राहिल्यामुळे एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो आणि गायकाने समेवर येण्याआधीच त्याची पुसट सावली ऐकू येते. फिरवल्याने ती थोडी उतरते.

हेडचा कोन

दबक्या आवाजाचं सर्वांत मोठं कारण हेच. याला ॲझिमथ म्हणतात. रेकॉर्डरच्या हेडची फट फितीशी ज्या कोनात होती त्याच कोनात तुमच्या डेकच्या हेडची फट असली, तरच वरचे सूर पूर्ण येतात. त्या काळच्या साध्या रेकॉर्डरमध्ये हा कोन क्वचितच नेमका ९० अंश असे. डेक कारखान्यातून कितीही अचूक आलेला असो, तुमच्या कॅसेटशी तो जुळणार नाही. नाकामिचीने १९८२ मध्ये ‘ड्रॅगन’ नावाचा डेक काढला तो याचसाठी, वाजता वाजता कोन आपोआप जुळवणारा. तो आज हाती लागणं कठीण, पण हाताने तेच काम होतं.

कॅसेटच्या दाराचं पुढचं झाकण काढा. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू दिसतील. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो ॲझिमथचा. चुंबक न लागलेला बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या. कॅसेट वाजवा, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये हेडफोनवर ऐका. मोनो का? कोन चुकलेला असताना दोन चॅनेलमध्ये किंचित वेळेचा फरक पडतो, आणि ते एकत्र केले की वरचे सूर एकमेकांना खोडतात. त्यामुळे मोनोत चूक ठळक होते. तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, यांवर कान ठेवा. स्क्रू एका वेळी एक-अष्टमांश फेरीहून जास्त फिरवू नका. एका बाजूला आवाज जाडसर होत जाईल, दुसरीकडे उघडत जाईल, मग पुन्हा मिटेल. सर्वांत उघडा जिथे लागतो ते ठिकाण पकडा. गायकाच्या ‘स’ आणि ‘श’ मधला फरक स्पष्ट झाला की जमलं म्हणा.

हे प्रत्येक कॅसेटच्या प्रत्येक बाजूला नव्याने करायचं. ए बाजू जुळली म्हणून बी बाजू जुळेल असं नाही. एकाच रेकॉर्डरवर लागोपाठ घेतलेल्या कॅसेट मात्र जवळपास एकाच जागी जुळतात, म्हणून वर्षवार आणि रेकॉर्डरवार गठ्ठे केलेत तर वेळ वाचतो. सुरुवातीच्या जागेची खूण करून ठेवा. आणि पहिला हात महत्त्वाच्या मैफिलीवर नको, बाजारातल्या एखाद्या जुन्या कॅसेटवर सराव करा.

डॉल्बी, म्हणजे डेकमधली खरखर कमी करण्याची सोय, बंद ठेवा. तुमच्या मोनो रेकॉर्डरमध्ये डॉल्बी नव्हतंच. बटण दाबलं की खरखर कमी वाटते, कारण ते वरचे सूरच कापतं. डेकवर फितीचा प्रकार निवडायचं बटण असतं: फीत साधी फेरिक (लोहाच्या ऑक्साइडची) असेल तर १२० मायक्रोसेकंदाची जागा, म्हणजे टाइप १. कागदावर क्रोम लिहिलं असेल किंवा मागच्या पट्ट्यांशेजारी जादा खाचा असतील तरच टाइप २.

तार, पातळी, फाइल

डेकच्या लाइन-आउटमधून दोन लाइन इनपुट असलेल्या साध्या ऑडिओ इंटरफेसमध्ये घ्या. लॅपटॉपचं माइकचं भोक यासाठी नाही, ते मोनो असतं आणि आत माइकचा ॲम्प्लिफायर असतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, घूं असा हम बऱ्याचदा तिथेच थांबतो. मुद्रणासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएसा हीच किमान पातळी मानते. एखाद्या संग्रहालयाला द्यायचं असेल तर ९६ किलोहर्ट्झ घ्या. ४८ वर सी-९० ची फाइल साधारण दीड जीबी होते, साठ कॅसेटना नव्वद-पंच्याण्णव जीबी लागतील. विंडोजमधले ‘एन्हान्समेंट’ नावाचे सगळे पर्याय बंद करा.

पातळी अशी लावा की सर्वांत जोरकस तान किंवा तिहाई उणे ६ डेसिबलपर्यंत जाईल. एकदा लावली की बाजू संपेपर्यंत हात लावू नका. काही ठिकाणी आलापात खरखर वर येते आणि तबला सुरू झाला की सगळं मागे जातं, ते रेकॉर्डरच्या स्वयंचलित पातळी-नियंत्रणामुळे. ते मुद्रणातच आहे, तुमची चूक नाही, आणि पूर्ण उलटवताही येत नाही.

मुद्रण मोनो असलं तरी दोन्ही चॅनेल घ्या. फितीची कड चुरगळलेली असते तिथे एका चॅनेलचा आवाज पडतो, दुसऱ्याचा शाबूत असतो. तेवढा तुकडा नंतर त्यातून घेता येतो.

चढत जाणारा सूर

सूर चढण्याचं कारण सेल. मुद्रण करताना सेल उतरत गेले, फीत हळू फिरू लागली. आज ती योग्य वेगाने वाजवली की तोच भाग जलद आणि चढा येतो. सेल बदलले तिथे सूर एकदम खाली उतरतो. म्हणजे बाजूची सुरुवात आणि सेल बदलल्यानंतरची पहिली काही मिनिटं सर्वांत विश्वासार्ह.

आधी डेकचा स्वतःचा वेग तपासा. ३१५० हर्ट्झची चाचणी-कॅसेट मिळते. ती वाजवून आकडा ३१३५ ते ३१६५ च्या आत यायला हवा. एक टक्का चूक म्हणजे १७ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), स्वराच्या जाणकाराला कळेल इतकी. बऱ्याच डेकमध्ये मोटरच्या मागच्या छिद्रातून वेग जुळवता येतो.

मग दर पाच मिनिटांनी तंबोऱ्याचा षड्ज, म्हणजे सा, मोजा. गाण्याच्या दोन आवर्तनांमध्ये तंबोरा एकटा ऐकू येतो अशी दोन-तीन सेकंदं निवडा आणि ऑडॅसिटीच्या ‘प्लॉट स्पेक्ट्रम’मध्ये सर्वांत मोठी साइझ लावा. खालच्या षड्जावर एक हर्ट्झही चुकला तर फरक बराच पडतो, म्हणून त्याच्या आठव्या पटीवर मोजा. पेटीच्या काळी एक पट्टीचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, त्याची आठवी पट ११०९ च्या आसपास. समजा सुरुवातीला ११०९ आणि शेवटी ११४४ आला, तर सूर ३.२ टक्के, म्हणजे सुमारे अर्धा अर्धस्वर चढला. हे आकडे वेळेनुसार लिहून ऑडॅसिटीच्या ‘टाइम ट्रॅक’वर बिंदू ठेवा. त्यात वेग आणि सूर एकत्र बदलतात, आणि फितीवर तेच झालं होतं. फक्त सूर बदलणारी ‘चेंज पिच’सारखी साधनं इथे चुकीची, त्यांनी लय तशीच चुकलेली राहते आणि आवाजाला धातूचा वास येतो.

सुरुवातीचाच वेग बरोबर होता की नाही हे कसं ठरवायचं? पेटी असेल तर सोपं, षड्ज कुठल्या तरी पट्टीवर असणारच. काळी एक आणि पांढरी दोन यांच्या अधेमधे आला तर जवळच्या पट्टीकडे पाहा आणि त्या गायकाची नेहमीची पट्टी कोणती हे इतर मुद्रणांवरून ताडा. मुद्रणात विजेचा हम असेल तर त्याचाही आधार मिळतो, तो ५० हर्ट्झच्या आसपास हवा. पण आधी कॅसेट थांबवून हम तुमच्याच यंत्रातून येत नाही ना ते पाहा. आणि त्या काळी आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० वर स्थिर नसे, लोड वाढला की ४८ कडे घसरत असे. त्यामुळे हम ही ढोबळ खूण, पट्टी जास्त पक्की. पाच-दहा सेंटचा फरक मात्र तसाच राहू द्या. तंबोरे उतरतात, गायक मध्येच जुळवून घेतात, पेट्याही सगळ्या एकसारख्या लागलेल्या नसतात. ते सगळं त्या मैफिलीचंच आहे.

खरखर आणि तंबोरा

खरखर काढणारी सॉफ्टवेअर सतत, न बदलता चालणाऱ्या आवाजाला नको असलेला आवाज समजतात. आपल्या मैफिलीत असा आवाज तंबोऱ्याचा असतो. गाणं सुरू होण्याआधीची ‘शांत’ पाच सेकंदं नमुना म्हणून दिली आणि त्यात तंबोरा वाजत असला, की सॉफ्टवेअर पूर्ण मैफिलीतून तंबोरा पुसत सुटतं. मागे उरतो पोकळ, पाण्याखालून आल्यासारखा आवाज. नमुना घ्यायचाच तर तंबोरा नसलेली जागा शोधा, रेकॉर्डर चालू झाला पण वाद्यं लागायची होती ती. कमी करायचं ४ ते ६ डेसिबल, त्याहून जास्त नाही. मग ‘रेसिड्यू’ हा पर्याय लावून जे काढलं जातंय तेच ऐका. त्यात जवारी किंवा शब्दांची टोकं ऐकू आली तर आकडा खाली आणा. तरीही आली तर नाद सोडा. खरखरीत तंबोरा कानाला दोन मिनिटांत सवयीचा होतो, तंबोऱ्याविना गाणं कधीच होत नाही.

हम काढतानाही असंच जपावं लागतं. ५०, १००, १५० हर्ट्झवर अरुंद काप घेतात. पण पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची, ९८ हर्ट्झ. १०० वरचा काप जरा रुंद झाला की ती तार गेली, आणि डग्ग्याचा घुमाराही त्याच पट्ट्यात असतो. म्हणून आधी षड्ज मोजा, मग काप ठेवा. टिकटिक काढणारं साधन पूर्ण फाइलवर चालवू नका, ते तबल्याच्या चाटीलाही टिकटिक समजतं. मोठे टक-टक आवाज एकेक हाताने काढा. गायन आणि वाद्यं वेगळी करणारी नवी साधनं मैफिलीच्या मूळ प्रतीसाठी नकोत.

हे सगळं नकलेवर. कच्ची फाइल जशी आली तशी, दोन्ही टोकांच्या शांततेसकट, वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये वेगळी ठेवा. एमपी३ फक्त नातेवाइकांना पाठवण्यापुरती. कॅसेट उलटताना ख्याल मध्येच तुटतो, तिथे दोन तुकडे बेमालूम जोडू नका. दोन सेकंदांची शांतता ठेवा, ऐकणाऱ्याला कळू द्या की इथे काही आवर्तनं नाहीत.

फाइलचं नाव वर्ष, गाव, कलाकार, कॅसेट क्रमांक, बाजू या क्रमाने. वेष्टणाच्या आतल्या-बाहेरच्या कागदाचे फोटो त्याच फोल्डरमध्ये. साथीदारांची नावं बहुतेक वेळा फक्त निवेदनात असतात, ती ऐकून लिहून ठेवा. रागाची खात्री नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह द्या. एकदा चुकीचं नाव फिरलं की ते कायमचं चिकटतं. प्रती तीन ठेवा: दोन वेगळ्या हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर.

यूट्यूबवर टाकण्याआधी कलाकाराच्या कुटुंबाला विचारा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा स्वतःचा हक्क आला, पुढे त्याची मुदत ५० वर्षं झाली. दुर्मीळ काही निघालं तर १९८२ साली पुण्यात सुरू झालेलं आणि आता गुरुग्राममध्ये असलेलं ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ किंवा मुंबईचं ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’ (एनसीपीए) यांच्याशी बोला. आणि काम झालं म्हणून कॅसेट टाकून देऊ नका. शेवटपर्यंत वाजवून, परत न गुंडाळता, उभ्या ठेवून कोरड्या कपाटात राहू द्या. स्पीकर आणि फ्रीजपासून लांब.